भाता : खोलीतल्या हवेवर हलणारा कागद (कामाच्या नोंदी)

५ जून

ठरलं एकदाचं. खोलीतली हवा शिळी झाली की ते कळायला पाहिजे, पण स्क्रीनवर नको. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा (सीओटूचा) आकडा दाखवणारी मीटरं ढिगाने मिळतात, आमच्याकडेही एक आहे, आणि त्याचं होतं काय तर पहिले काही दिवस माणूस दर पाच मिनिटांनी बघतो, मग आकड्याशी भांडायला लागतो (९८० चालतंय आणि १०२० झालं की काय आभाळ कोसळतं का?), आणि नंतर ते मीटर पुस्तकांच्या मागे गायब होतं. म्हणून कागद. भिंतीवर घड्या घातलेला एक कागद असेल, हवा ताजी असली की तो सावकाश श्वास घेताना दिसेल, हवा कोंदली की मलूल होऊन लोंबेल. बस. ना अ‍ॅप, ना नोटिफिकेशन, ना ग्राफ.

कागदाचं ताई बघणार, ती बाइंडिंग करते, घड्या तिच्या हातातल्या. वायरी आणि कोड माझ्याकडे. अडलं की इलेक्ट्रॉनिक्सवाला मित्र फोनवर आहेच. नाव सध्या ‘भाता’, नंतर बदलू (बदलणार नाही हे माहितीये).

७ जून

आज काही बनवलं नाही, नुसतं वाचन. या जातीच्या वस्तूंची आजी म्हणजे १९९५ सालची, ‘झेरॉक्स पार्क’ या अमेरिकेतल्या संशोधन केंद्रातली लोंबती दोरी. नताली जेरेमिजेन्को ही कलाकार तिथे होती, तिने छताला एक छोटी मोटर लावली, मोटरला प्लॅस्टिकची आठ फूट लांब दोरी टांगली, आणि मोटर जोडली थेट ऑफिसच्या इथरनेटच्या वायरीला. नेटवर्कवरून माहिती गेली की मोटरला झटका. नेटवर्क शांत असेल तर दोरी काही सेकंदांनी जराशी थरथरणार, गर्दी असेल तर गरागरा फिरणार आणि आवाजही करणार. तिथल्याच मार्क वाइझर आणि जॉन सीली ब्राउन या संशोधकांनी त्यावर लिहिलं आणि त्याला शांत तंत्रज्ञान म्हटलं, म्हणजे जे नजरेच्या कडेला पडून राहतं आणि गरज पडली तरच मधे येतं.

मला त्यातलं आवडलेलं वेगळंच आहे. त्या दोरीला कुठलीही स्केल नव्हती. किती फिरली म्हणजे किती ट्रॅफिक हे कोणीच सांगू शकत नव्हतं, आणि तरी कॉरिडॉरमधून जाणाऱ्याला आज नेटवर्क तुंबलंय हे कळत होतं. आपल्याला हेच पाहिजे. नंतर २००२ च्या सुमाराला शेअर बाजाराप्रमाणे रंग बदलणारा काचेचा गोळा बाजारात आला होता, तो मला तितका नाही पटला, कारण रंगाचा अर्थ आधी पाठ करावा लागतो. मलूल झालेली वस्तू बघून काय वाटायचं हे कोणाला शिकवावं लागत नाही.

८ जून

सेन्सर. इथे मोठा झोल आहे, म्हणून नीट लिहून ठेवते.

स्वस्तातले जे बरेच सेन्सर ‘सीओटू’ म्हणून विकले जातात ते सीओटू मोजतच नाहीत. आत तापवलेला मेटल ऑक्साइडचा थर असतो, हवेतल्या सेंद्रिय वाफांनी त्याचा रेझिस्टन्स बदलतो आणि त्यावरून चिप अंदाज बांधते की एवढ्या वाफा आहेत म्हणजे माणसं आहेत म्हणजे सीओटू इतका असणार. ड्रॉवरमध्ये असा एक पडला होता, तो लावला आणि शेजारी मार्करचं टोपण उघडलं, आकडा सरळ आभाळात. खोलीत एकच माणूस, खिडकी उघडी, आणि हा म्हणतोय गुदमरताय तुम्ही! आमच्या घरात गोंद, शाई, स्पिरिट सगळं दिवसभर उघडं असतं, त्यामुळे हा बाद.

घेतला एससीडी ४१ नावाचा सेन्सर. हा खरंच सीओटू मोजतो आणि ज्या पद्धतीने मोजतो ती भन्नाट आहे. आत एक छोटी पोकळी, तिच्यात इन्फ्रारेड प्रकाशाचे झोत सोडतात, साधारण ४.३ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश सीओटूचे रेणू गिळतात, गिळला की किंचित तापतात, तापले की हवा फुगते, आणि प्रकाश उघडझाप होत असल्यामुळे ही फुगाफुगी म्हणजे चक्क आवाज होतो, तो आतला बारका मायक्रोफोन ऐकतो. सीओटू जास्त तर आवाज मोठा. प्रकाशाने आवाज निघतो हे ग्राहम बेलला १८८० मध्येच सापडलं होतं, प्रकाशाच्या झोतावरून बोलणं पाठवायच्या खटपटीत, आणि आज तो सगळा प्रकार एक सेंटिमीटरच्या चौकोनात बसलाय. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे हा हवा ऐकतो? मग कागद राहू दे, हेच दाखव ना.” तिचंही बरोबर आहे, पण एका वेळी एकच.

११ जून

थोडं गणित, म्हणजे कुठल्या आकड्यांत खेळतोय ते कळेल.

बाहेरच्या हवेत आता सीओटू ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२० भाग) पुढे आहे. बसून काम करणारं मोठं माणूस तासाला साधारण १८ ते २० लिटर सीओटू सोडतं. आमची कामाची खोली धरली ३० घनमीटर, म्हणजे ३०,००० लिटर. दारं-खिडक्या गच्च बंद असतील तर एकट्या माणसामुळे तासाला साडेसहाशे पीपीएमची भर. प्रत्यक्षात फटीफटीतून हवा जाते-येते त्यामुळे कमी, पण दोन तास दार लावून काम केलं की हजाराच्या वर जाणार हे नक्की.

हा हजाराचा आकडाही जुना आहे, पेटेनकोफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये मांडलेला. गंमत म्हणजे त्याचं म्हणणं असं नव्हतंच की १००० पीपीएम सीओटू विषारी आहे. कारखान्यांत आठ तासांसाठी अनेक देशांत ५००० ची मर्यादा धरतात, त्याच्या कितीतरी खाली आहे हे. त्याचं म्हणणं असं, की माणसांनी खोलीतली हवा किती वापरून झालीये हे सीओटूवरून कळतं. सीओटू एवढा वाढलाय म्हणजे उच्छ्वासातलं बाकीचं सगळंही, वास, दमटपणा, त्याच प्रमाणात साठलंय. म्हणून आपला कागद ‘धोका’ असं ओरडणार नाहीये. तो एवढंच म्हणणार की ही हवा वापरून झाली.

१२ जून

मित्राचा फोन. म्हणे कॅमेरा लाव, माणसं मोजायचं एक छोटं मॉडेल टाक, म्हणजे हवा बिघडायच्या आधीच कागद सांगेल. अरे बाबा, घरात कॅमेरा लावून मग कागद कशाला टांगायचा. नाही म्हणजे नाही.

१५ जून

घडी ठरली, मिउरा. कोर्यो मिउरा या जपानी अंतराळशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलेली, तिरक्या समांतरभुज चौकोनांची जाळी. उपग्रहाचे सोलर पंखे दुमडायला ती वापरलीये, १९९५ मध्ये जपानच्या स्पेस फ्लायर युनिटवर ती खरोखर अवकाशात उघडली. आम्हाला ती हवी आहे दोन कारणांसाठी.

पहिलं, सगळ्या घड्या एकमेकींत अडकलेल्या असतात. एक टोक ओढलं की अख्खा कागद उघडतो, एक टोक ढकललं की अख्खा मिटतो. म्हणजे हलवायला एकच तार पुरते. दुसरं म्हणजे ती एका बाजूने ओढली तर दोन्ही बाजूंनी पसरते. साधा रबर ओढला की लांब होतो आणि बारीक होतो, ही घडी लांबही होते आणि रुंदही. त्यामुळे भिंतीवर ती नुसती वरखाली सरकत नाही, भात्यासारखी फुगते. ताईने टेबलावर पहिला तुकडा दुमडून दोन बोटांनी उघडमीट करून दाखवला तेव्हाच मला कळलं की काम झालं. नकाशे दुमडताना कोन अगदी थोडा तिरका ठेवतात, ताईने मुद्दाम जास्त तिरका घेतलाय, म्हणजे पूर्ण उघडल्यावरसुद्धा कागद सपाट दिसत नाही, घड्यांची सावली राहते. सावलीच जास्त हलते खरं तर. दिवा बाजूने असेल तर कागद दोन सेंटिमीटर हलला तरी सावल्या कितीतरी सरकतात.

१६ जून

कशाने हलवायचं? सर्व्हो मोटर लावून बघितली. हलवते झकास, पण घर्र घर्र. दिवसभर शेजारी घर्र घर्र ऐकायचं असेल तर मीटरने काय घोडं मारलं होतं.

म्हणून नायटिनॉल. निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू, तापला की आपला जुना आकार ‘आठवतो’. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलरने शोधला, नावातलं शेवटचं ‘नॉल’ त्या प्रयोगशाळेचंच. तिथला किस्सा भारी आहे, १९६१ च्या एका मीटिंगमध्ये या धातूची वेडीवाकडी दुमडलेली पट्टी हातोहात फिरवत होते, किती वाकवली तरी तुटत नाही हे दाखवायला, आणि एकाने सहज आपल्या पाइपच्या लायटरने ती तापवली तर ती सगळ्यांसमोर सरळ झाली. आता याच्या बारीक तारा मिळतात, त्यांच्यातून करंट सोडला की त्या गरम होऊन आखडतात, थंड झाल्या की सैल. आवाज शून्य. वास्तुकार फिलिप बीझलीने २०१० च्या व्हेनिस वास्तुकला बिएनाले या प्रदर्शनात कॅनडाच्या दालनात जे अ‍ॅक्रिलिकचं जंगल उभं केलं होतं, माणूस जवळ आला की पानं हलणारं, त्याच्या पानांतही हाच धातू.

फक्त आखडते किती, तर लांबीच्या चार टक्के. आणि तार टिकायला हवी असेल तर तीनवरच थांबायचं.

२० जून

आजची नोंद मोठी होणार.

तार घेतली ०.१५ मिलिमीटर जाडीची, अर्धा मीटर. तीन टक्के म्हणजे दीड सेंटिमीटर ओढ. एवढ्याने काही दिसत नाही, म्हणून लाकडाची एक हलकी दांडी, एकास तीन, तिच्या टोकाला साडेचार सेंटिमीटर मिळतात. ही तार साधारण ३२० ग्रॅमचं ओझं ओढते, दांडीमुळे ते तिसऱ्या हिश्श्यावर येतं, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि ए-थ्री आकाराचा १६० जीएसएमचा (चौरस मीटरला १६० ग्रॅम) कागद भरतो वीस ग्रॅम. घड्यांचा ताण धरूनही जमतंय. उलटी ओढ लागते, नाहीतर थंड झाल्यावर तार परत लांब होत नाही, ते काम कागदाच्या वजनाने आणि तळाला चिकटवलेल्या पितळी पट्टीने होतं.

या तारेला सोल्डर बसत नाही, वरच्या ऑक्साइडमुळे झाळ पकडतच नाही, घसरून पडते. दोन्ही टोकं क्रिम्प केली, बारीक पितळी नळीत तार दुहेरी घालून पकडीने चेपली. दुहेरी घालणं महत्त्वाचं, एकेरी घातली तर आखडताना हळूच निसटून येते.

वीज : या जाडीच्या मीटरभर तारेला ५५ ओहम, म्हणजे आपल्या तुकड्याचे साडेसत्तावीस. ४१० मिलिअँपिअर हवेत तर सव्वाअकरा व्होल्ट लागतात. बारा व्होल्टचा अडॅप्टर, एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि ईएसपी ३२ या छोट्या कंट्रोलरवरून पीडब्ल्यूएम, म्हणजे करंट झपाझप चालू-बंद करून कमी-जास्त करणं. पूर्ण ओढ असताना साडेचार वॉटच्या आसपास.

कागद आणि तापलेली तार एकत्र म्हटल्यावर ताईच्या कपाळावर आठी. तार काम करते ७० ते ९० अंशांत, कागद पेट घ्यायला दोनशेच्या वर लागतं, पण कोड अडकून करंट तसाच चालू राहिला तर नुसत्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. म्हणून मॉसफेटच्या आधी एक वेगळं टायमर सर्किट, वीस सेकंदांच्या वर सलग करंट गेला की ते तोडतं, कोडला विचारत नाही. आणि तार कागदाला कुठेच टेकत नाही, मागच्या लाकडी चौकटीत आहे, कागदापर्यंत फक्त दोरा जातो. हे दोन्ही केल्याशिवाय कोणी असली वस्तू भिंतीवर लावू नये, शोभेची म्हणून तर अजिबात नाही.

२१ जून

हलला! सकाळी करंट सोडला आणि कागद अगदी आवाज न करता वर सरकला. ताई म्हणाली, “अगं पण हा दचकतोय.” खरंच दचकत होता. वर जाताना ठीक, खाली येताना धपकन.

२४ जून

दचकण्याचं कारण सापडलं, डेटाशीटमध्ये सरळ लिहिलंय. तार आखडायला लागते सत्तर अंशांच्या जरा अलीकडे, पण परत सैल पडायला लागते ती थेट पन्नासच्या आसपास आल्यावर. मधले वीस-एक अंश काहीच घडत नाही. त्यामुळे मी करंट सावकाश कमी करत होते तेव्हा बराच वेळ कागद जागचा हलत नव्हता, आणि मग एकदम सगळी ढील सुटायची. उतरणीला सरळ रेषा चालणारच नाही. आता असं केलंय : श्वास पूर्ण झाला की करंट झपकन अर्ध्यावर आणायचा (यात कागद हलत नाही, दिसत काही नाही), आणि तिथून पुढे अगदी हळूहळू. चढणीला वेगळा तक्ता, उतरणीला वेगळा. आकडे डोळ्यांनी बघून भरलेत, फॉर्म्युला वगैरे काही नाही. तासन्‌तास कागदाकडे बघत बसायचं, एक आकडा बदलायचा, परत बघायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल ही ध्यान करतेय.

शेवटी जो श्वास पटला तो असा : सहा सेकंद वर, दोन सेकंद थांबणं, आठ सेकंद खाली, आणि मग बराच वेळ काहीच नाही. माणसाच्या श्वासाचा वेग, मिनिटाला बारा-पंधरा, लावून बघितला होता. भयंकर. भिंतीवर काहीतरी धापा टाकतंय असं वाटत होतं.

२५ जून

वाद. वीज गेली, अडॅप्टर निघाला, कोड मेला, तर कागद कुठल्या अवस्थेत दिसेल?

तार थंड म्हणजे कागद लोंबलेला. लोंबलेला म्हणजे हवा खराब. म्हणजे बंद पडलेलं यंत्र ‘हवा खराब’ असं खोटं सांगणार. मला वाटत होतं उलटं करावं, लोंबणं म्हणजे ताजी हवा आणि आखडणं म्हणजे खराब, करंटही कमी लागेल. ताईचं म्हणणं, “बंद पडला तर काय करशील? खिडकी उघडशील ना? उघडली तर काय बिघडलं. पण बंद पडलेला कागद ‘सगळं छान’ म्हणत बसला तर तू दिवसभर दार लावून बसशील.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खोटं बोलायचंच असेल तर ज्या बाजूने बोललं की नुकसान नाही त्या बाजूने. तिचं राहिलं.

आणि ताज्या हवेत सतत वर धरून ठेवायचा नाही तर मधून मधून श्वास घ्यायचा, त्यामुळे विजेचाही प्रश्न सुटतो.

२८ जून

तारेच्या आयुष्याचा हिशेब. चाळीस सेकंदांना एक श्वास धरला तर दिवसाला २१६०, वर्षाला आठ लाखांच्या घरात. जपून वापरली तर तार लाखोंनी फेऱ्या काढते, पण उगाच कशाला झिजवायची. एक प्रकाशाचा सेन्सर लावला, खोलीत अंधार असला की श्वास बंद. अंधारात कोण बघणार आहे.

घड्यांचा प्रश्न जास्त गंभीर. साधा १६० जीएसएमचा कार्ड कागद आठवड्यात घडीवर पांढरा पडायला लागलाय, जिथे चार घड्या एका बिंदूत मिळतात तिथे तर भोकं. ताई आता जपानी कोझो कागदाचे दोन ताव एकावर एक चिकटवून बघतेय. कोझो ही तुतीच्या जातीतली झाडं, तिच्या सालीचे धागे सेंटिमीटरभर लांब असतात, लाकडाच्या लगद्याचे एक ते तीन मिलिमीटर. घडीवर धागा तुटत नाही, नुसता वळतो. दोन्ही तावांचा ग्रेन (धाग्यांची दिशा) एकमेकांना आडवा ठेवायचा म्हणजे कुठल्याच बाजूची घडी फाटत नाही. आणि त्या चौरस्त्यांवर पंचने आधीच बारीक गोल भोक पाडायचं. आपण पाडलेलं भोक गोल राहतं, कागदाने पाडलेलं फाटत जातं.

घडीची रेघ ती बोथट सुईने ओढते, कटरने नाही. पट्टी धरून एक रेघ, मग उलटं करून त्याच्या शेजारची. घाई केली की एखादी डोंगर-घडी दरी होते आणि पूर्ण ओळ अडते. हे बघताना माझा जीव वर-खाली, ती मात्र रेडिओ लावून निवांत.

२ जुलै

नवा कागद लागला. अंगाने मऊ आहे, सावल्याही मऊ पडतात. कार्ड कागद यंत्रासारखा दिसायचा, हा दिसत नाही तसा.

पण एक विचित्र गोष्ट : खिडकी उघडली की श्वास उथळ होतो. म्हणजे ताजी हवा आत येतेय, आकडा धडाधड उतरतोय, आणि कागद अर्धाच वर जातोय! थोडा वेळ डोकं खाजवलं. वारा थेट मागच्या चौकटीत शिरून तारेला थंड करतोय, आणि करंट तेवढाच असल्यामुळे ती पुरती तापतच नाही. तार स्वतःच एक वाऱ्याचा सेन्सर झालीये (तापलेल्या तारेने वाऱ्याचा वेग मोजायची उपकरणं असतातच, तत्त्व हेच).

मित्र म्हणाला तारेचा रेझिस्टन्स मोज, आखडताना तो बदलतो, त्यावरून करंट आपोआप वाढव. बरोबर आहे पण ते दोन आठवड्यांचं काम. आम्ही टेफ्लॉनची बारीक नळी तारेवर सरकवली. टेफ्लॉनला अडीचशे अंश चालतात त्यामुळे भीती नाही, वारा लागत नाही, आणि बोनस म्हणजे तार आता जरा हळू थंड होते, उतरण आणखी गुळगुळीत झाली. तक्ते मात्र परत भरावे लागले.

४ जुलै

सेन्सर चौकटीच्या खाली हलवला. वर होता तेव्हा तारेची ऊब त्याच्यापर्यंत पोचून तापमान आणि दमटपणाचे आकडे बहकत होते.

७ जुलै

अवस्था तीनच ठेवल्यात. ८०० च्या खाली पूर्ण श्वास. ८०० ते १२०० अर्धा श्वास आणि मधला वेळ दुप्पट. १२०० च्या वर काहीच नाही, लोंबलेला. परत उठायला मात्र १००० च्या खाली यावं लागतं, नाहीतर ११९० आणि १२१० च्या मधे आकडा घुटमळला की कागद मेला-जगला मेला-जगला करत बसतो. आणि आकडा सरळ घ्यायचा नाही, पाच मिनिटांची सरासरी.

आधी मला आकडा जसा बदलेल तसा श्वास अगदी बारीक बारीक बदलायचा होता, ९०० ला एवढा, ९५० ला तेवढा. करूनही बघितलं. आणि मग मी चक्क कागदावरून आकडा ओळखायचा प्रयत्न करत बसले, म्हणजे परत मीटरच! जेवढं जास्त सांगायला लावलं तेवढं ते बघावंसं वाटणं कमी झालं. तीन अवस्थांत तो प्रश्नच येत नाही, मान वर केली, हलतोय, ठीक आहे, कामाला लागा.

सेन्सरची एक सवय लक्षात ठेवायची. तो आपोआप स्वतःला जुळवतो, त्यात गृहीत धरतो की आठवड्यात कधी ना कधी त्याला बाहेरच्यासारखी स्वच्छ हवा मिळाली. खोली कायम बंद राहिली तर तो त्यातल्या त्यात बऱ्या हवेलाच स्वच्छ समजायला लागेल, आणि आकडे हळूहळू खोटे कमी दिसतील. आमच्याकडे रोज खिडकी उघडते त्यामुळे चालू ठेवलंय. ज्यांच्या खोलीत असं होत नाही त्यांनी ते बंद करून अधूनमधून बाहेर नेऊन हाताने जुळवावं.

१२ जुलै

आज खरी परीक्षा. पाच जण कामाच्या चर्चेला खोलीत, दार बंद, कारण बाहेर आवाज. पाच जणांचे तासाला शंभर लिटर, तीस घनमीटरात म्हणजे तासाला ३३०० पीपीएम, ५०० वरून १२०० ला पोचायला तेरा मिनिटं. फटी आणि पाच मिनिटांची सरासरी धरून वीसेक मिनिटांत कागद पडेल असा माझा अंदाज होता, आणि साधारण तसंच झालं.

झालं ते झालं, पण कसं झालं ते लिहिण्यासारखं आहे. कोणाला काही सांगितलं नव्हतं. पहिली दहा मिनिटं दोघं-तिघं भिंतीकडे बघत होते, मग विसरले. कागद थांबला तेव्हा लगेच कोणाच्या लक्षात आलं नाही. पाचेक मिनिटांनी एकजण बोलता बोलता अडखळला आणि म्हणाला, “ते मघाशी हलत होतं ना?” मग सगळे तिकडे बघायला लागले. मी सांगितलं काय आहे ते. त्यावर एकजण ओशाळला, म्हणजे आम्ही हवा खराब केली का! दुसरी उठली आणि दार उघडून आली. मग जो तो कागद कधी उठतो याची वाट बघत बसला आणि चर्चेचा बोऱ्या वाजला.

ताईला हे आवडलं. मला अर्धं आवडलं. हलणारी वस्तू थांबली की लक्ष जातं, हे पाहिजेच होतं. पण दार उघडल्यावर सगळे बक्षिसाची वाट बघतायत असं बघत होते, ते नको. उठायचा क्षण नाट्यमय आहे, लोंबलेला कागद एकदम हलायला लागतो. त्याच्याऐवजी उठताना आधी अगदी बारीक श्वास, थोड्या वेळाने मोठे, म्हणजे कधी उठला ते कोणाला कळणारही नाही.

१४ जुलै

केलं. आता खरंच कळत नाही. मधेच बघितलं तर हलत असतो.

१९ जुलै

दमट दिवस. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर, कागद ओला नाही पण घड्यांतला ताठपणा गेला, लोंबताना जास्तच लोंबतो आणि दांडी खालच्या अडणीला टेकते. ताईला वाटतं वरून पातळ मेणाचा हात द्यावा. मी नको म्हणतेय, मेणाने सावल्या चकाकतील. तिने एका कोपऱ्यातल्या तुकड्यावर करून ठेवलंय, बघू. तोवर तळाची पितळी पट्टी हलकी केली.

२३ जुलै

मेण चकाकतं. पण मागच्या बाजूने दिलं तर पुढून दिसत नाही आणि ओल तरी अडते. ताई जिंकली, मागून मेण.

२७ जुलै

मित्र येऊन बघून गेला. त्याला रेझिस्टन्स न मोजल्याचं अजून दुःख आहे. म्हणाला पुढच्यात करू, आणि एका तारेऐवजी तीन लावू, कागद वेगवेगळ्या जागी श्वास घेईल. मी म्हटलं त्याला आधी तीन खोल्या दे.

मुख्य मीटर अजून पुस्तकांच्या मागे चालू ठेवलंय, कागद थापा तर मारत नाही ना हे अधूनमधून ताडून बघायला. अजून तरी नाही मारल्या.

उरलेली कामं : घड्यांचा साचा स्कॅन करून ताईच्या खुणांसकट ठेवायचा (डोंगर लाल, दरी निळी), चढ-उताराचे तक्ते कोडमधून काढून वेगळ्या फाइलमध्ये टाकायचे, कारण तार बदलली की तेवढेच बदलावे लागणार. वीस सेकंदांचं टायमर सर्किट ब्रेडबोर्डवरून पक्क्या बोर्डवर घ्यायचं, हे सगळ्यात आधी. आणि ताईने दुसरा कागद कापायला घेतलाय, या वेळी निम्म्या आकाराचा, झोपायच्या खोलीसाठी. तिथे अंधारात श्वास बंद करून चालणार नाही, कारण हवा बिघडते ती रात्रीच, तेव्हा सकाळी उठल्यावर रात्रभराचं काय झालं ते कसं दाखवायचं याचा विचार चालू आहे. ताई म्हणते सकाळचे पहिले काही श्वास रात्रीच्या हिशेबाने घ्यायला लाव. करून बघते.